बालीच्या अलीकडचे जावा

मराठी मध्यमवर्गीय घरांत अलीकडच्या वर्षांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. नोकरीत दोन-तीन वर्षे स्थिरावलेली मुलगी एके दिवशी रजा टाकते, पाठीवर भली मोठी सॅक चढवते आणि ‘एकटीच फिरून येते’ असे सांगून विमानतळाची वाट धरते. बरोबर यात्रा कंपनीचा व्यवस्थापक नाही, पोळी-भाजी करून घालणारा आचारी नाही, नात्यागोत्यातले कुणी नाही. आधीच्या पिढीने काशी-रामेश्वरही सोबत जमवूनच केले. तिला हे वेड वाटावे यात नवल नाही. तरीही मुक्काम बालीचा असला की घरचे थोडे निर्धास्त होतात. तिथे देवळे आहेत, पूजा आहेत, आपलीच माणसे आहेत! पण हीच मुलगी ‘बाली नव्हे, तीन आठवडे जावा बेटावर’ असे म्हणाली, तर चहाचा कप हातातच राहतो. मुसलमानी मुलुखात? तेही एकटीने? आणि कशासाठी?

हे प्रश्न काळजीतून येतात. ते उडवून लावण्याचे कारण नाही. परंतु त्यांना उत्तर आहे आणि ते केवळ सुरक्षिततेपुरते नाही. हिंदू तरुणाने आयुष्यात एकदा तरी एकट्याने, सावकाश, पायी आणि तिसऱ्या वर्गाच्या गाडीने हिंडून पाहावा असा परदेशातील भूभाग कोणता, असे विचारल्यास बालीच्या आधी जावाचे नाव घेतले पाहिजे. ‘उपासनापद्धती बदलली म्हणून पूर्वज बदलत नाहीत’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून कित्येक दशके उच्चारले जात आहे. ते जिथे पाचशे वर्षे रोज कसोटीला लागले आहे, कधी खरे ठरले आहे आणि कधी डळमळले आहे, अशी भूमी म्हणजे जावा. वाक्य पाठ असणाऱ्यांपैकी ती कसोटी प्रत्यक्ष पाहून आलेले किती?

इंडोनेशियाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे सत्तावीस कोटी. त्यात मुसलमान ८७ टक्क्यांच्या आसपास, हिंदू दोन टक्क्यांहूनही कमी आणि तेही मुख्यतः बालीत. अर्ध्याहून अधिक देश एकट्या जावा बेटावर राहतो. या देशाचे राजचिन्ह गरुड आहे. त्याचे राष्ट्रीय बोधवाक्य चौदाव्या शतकातील मपू तंतुलर या कवीच्या ‘सुतसोम’ काव्यातून घेतलेले आहे. जावातील सर्वांत उंच पर्वताचे नाव सेमेरू, म्हणजे आपला सुमेरू. राजधानी जाकार्तात हमरस्त्याच्या तोंडाशी कृष्णार्जुनांचा धावता रथ १९८७ पासून उभा आहे. १९९५ साली या देशाने स्वतःच्या बळावर बनवलेले प्रवासी विमान प्रथम आकाशात झेपावले, तेव्हा त्याचे नाव ठेवले गेले ‘गटोत्काच’. आपल्याकडे घटोत्कच म्हटले की लग्नाच्या पंक्तीत लाडू फस्त करणारा ‘मायाबाजार’मधला राक्षस आठवतो, जावाचा घटोत्कच ढगांतून संचार करणारा, देशाचे आकाश राखणारा वीर आहे.

येथेच एक खुलासा केलेला बरा. ‘इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे’ हा मजकूर आपल्या भ्रमणध्वनीवर वर्षातून दोनदा तरी येतो. २०२२ साली दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनीही त्याचा दाखला दिला होता. ती वीस हजार रुपियाची नोट १९९८ साली निघाली आणि २००८ च्या अखेरीस चलनातून मागे घेतली गेली. नोट गेली म्हणून गणपती गेला नाही. बांडुंगच्या नामांकित तंत्रविज्ञान संस्थेच्या बोधचिन्हात तो आजही आहे. पण वस्तुस्थिती माहीत नसताना अभिमान मिरवला की तो पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो, आणि जावात एकट्याने हिंडणाऱ्याला प्रश्न फार विचारले जातात.

पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आगामा आपा?’ आगम कोणता, म्हणजेच धर्म कोणता? त्या देशात नागरिकाच्या ओळखपत्रावरच धर्माचा रकाना असल्यामुळे हा प्रश्न तेथे उद्धट मानला जात नाही. रस्त्याकडेच्या वारुंगमध्ये, म्हणजे खानावळीच्या बाकावर, शेजारी बसलेला माणूस तो सहज विचारतो. पन्नास जणांच्या सहलीत बसून गेलेल्याला हा प्रश्न कधी ऐकूच येत नाही. त्याच्या आणि त्या बाकाच्या मध्ये गाडीची काच असते. एकट्याच्या प्रवासाचे खरे मोल येथे आहे. ‘हिंदू’ असे उत्तर दिले की समोरचा खुलतो. २०१४ साली हिंदीतील ‘महाभारत’ मालिका तेथील दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा तिने देश वेडा केला होता. त्यामुळे पुढचे प्रश्न येतात ते अर्जुनाचे, भीमाचे, कर्णाचे. सुभद्रेच्या मुलाचे नाव काय, शिखंडी पूर्वजन्मी कोण होती, उत्तरेचा विवाह कोणाशी झाला. मुंबई-पुण्याचा उच्चविद्याविभूषित तरुण येथे अडखळतो, आणि समोरचा, शुक्रवारी न चुकता मशिदीत जाणारा रिक्षावाला, त्याला समजावून सांगू लागतो. ही नामुष्की अनुभवण्यासाठी तिकिटाचे पैसे खर्च झाले तरी ते वसूल झाले असे मानावे.

भाषेचीही तीच गोष्ट. रमजानच्या उपवासाला तेथे ‘पुआसा’ म्हणतात. हा आपला ‘उपवास’च. नमाजासाठी अरबी शब्द आहेच, पण ‘संबाह्यांग’ हा शब्दही सर्रास वापरला जातो. त्यातील ‘ह्यांग’ म्हणजे जुन्या जावी भाषेतील देव. स्वर्ग ‘सुर्गा’, नरक ‘नराका’, पाप ‘दोसा’ म्हणजे दोष, पती ‘सुआमी’ आणि पत्नी ‘इस्त्री’. इस्लामी पाठशाळेत शिकणाऱ्याला म्हणतात त्या ‘संत्री’ शब्दाचे मूळही काही विद्वान ‘शास्त्री’ या शब्दात शोधतात. धर्म बदलला, पण पाप-पुण्याचे हिशेब जुन्याच भाषेत चालू राहिले.

जावाच्या मध्यभागी योग्याकार्ता नावाचे शहर आहे. स्थानिक लोक त्याला लाडाने ‘जोग्जा’ म्हणतात. या नावात अयोध्या आहे. सॅक घेऊन येणारा प्रत्येक प्रवासी येथे लोसमेनमध्ये, म्हणजे घरगुती उतारशाळेत, तळ ठोकतो आणि सकाळच्या बसने प्रांबानानला जातो. इ. स. ८५६ च्या शिलालेखात उल्लेखिलेले ‘शिवगृह’ ते हेच, असे मानले जाते. मधले शिवमंदिर ४७ मीटर उंच, दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू. शिवमंदिराच्या चार दिशांच्या गाभाऱ्यांत स्वतः शिव, उत्तरेस महिषासुरमर्दिनी, पश्चिमेस गणेश आणि दक्षिणेस अगस्ती. समुद्र प्राशन करणारा आणि विंध्य ओलांडणारा हा ऋषी तेथे जटा-दाढीसह उभा असलेला पाहून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याने परत फिरावे. भोवतीच्या कठड्याच्या आतील बाजूस रामायण कोरले आहे आणि ते वाचायचे तर प्रदक्षिणाच घालावी लागते. १९६१ पासून याच मंदिरासमोर, कोरड्या ऋतूत उघड्या रंगमंचावर, रामायणाचे नृत्यनाट्य सादर होत आले आहे. राम, सीता, हनुमान यांच्या भूमिका करणारे बहुसंख्य कलावंत मुसलमान असतात. सरकारने सांगितले म्हणून ते राम होत नाहीत. आजोबा नाचत होते, म्हणून नातू नाचतो.

तथापि जावाचे अंतःकरण कळायचे असेल तर एक रात्र ‘वायांग कुलित’ पाहिले पाहिजे. चामड्यात कोरलेल्या बाहुल्या, पांढरा पडदा, मागे दिवा, आणि एकटा ‘दालांग’. हाच सूत्रधार, हाच निवेदक, सगळ्या पात्रांचे आवाज याचेच, आणि गामेलानच्या वादकांना इशारा देणाराही हाच. बाहुल्या आडव्या ठेवलेल्या केळीच्या खोडात रोवलेल्या असतात. सज्जन पात्रे त्याच्या उजव्या हाताला, दुर्जन डाव्या हाताला. खेळ रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटे संपतो. मध्यरात्रीनंतर सेमार आणि त्याची पोरे येतात. हे पांडवांचे सेवक महाभारतात नाहीत. ती जावाची स्वतःची निर्मिती. बेढब, लठ्ठ सेमार मूळचा देव आहे, पण नोकराच्या रूपात वावरतो आणि राजांनाही चार शब्द सुनावतो. भाजीवाली, शिपाई, शाळामास्तर त्याच्या विनोदावर लोटपोट हसतात. पोरे आईच्या मांडीवर झोपलेली असतात. युनेस्कोने २००३ साली या कलेचा गौरव केला, पण ती युनेस्कोमुळे जिवंत नाही. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांची आणि चित्रकथीची अशीच परंपरा सांभाळली. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. किती मराठी घरांनी मुलांना सोबत घेऊन पिंगुळी पाहिली आहे? गोव्याला जाताना गाडी तेथूनच तर जाते.

या बाहुल्यांच्या खेळात धर्मांतराचा इतिहासही दडलेला आहे. युधिष्ठिराजवळ ‘कलिमसदा’ नावाचे एक दिव्य साधन असते. त्या नावात ‘कलि-महौषध’ असे संस्कृत मूळ असावे असे अभ्यासक मानतात. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इस्लामचा प्रसार करणाऱ्या नऊ ‘वलीं’पैकी सुनान कालिजागा यांच्या परंपरेत त्याचा अर्थ ‘कलमा’ असा लावला गेला. दंतकथा सांगते की, त्या साधनावरील मजकूर कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत वृद्ध युधिष्ठिराला मृत्यू येत नव्हता; अखेर सुनानने तो वाचला आणि धर्मराज सुटला. ही कथा दोन प्रकारे वाचता येते. प्रसारकाचे ते चातुर्य होते, असे म्हणता येईल आणि ते खोटे नाही. पण ज्या भूमीत नव्या धर्माला प्रवेश मिळवण्यासाठी युधिष्ठिराच्या दारातून यावे लागले, त्या भूमीवर युधिष्ठिराची पकड किती होती हेही त्याच कथेतून कळते.

उत्तर किनाऱ्यावरील कुदुस गावी १५४९ सालची मशीद आहे. तिचा मनोरा लाल विटांचा, थेट जावी मंदिराच्या धाटणीचा, प्रवेशद्वारेही मंदिराचीच. या गावात गाय कापत नाहीत. हिंदू शेजाऱ्यांच्या भावनांचा मान म्हणून सुनान कुदुस यांनी तसे सांगितले होते अशी श्रद्धा आहे, आणि तेथील प्रसिद्ध रस्सा आजही म्हशीच्या मांसाचा असतो. गोरक्षणाचा विषय निघाला की ‘हा तुमचा धर्म, आमच्यावर लादू नका’ असे म्हणणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी कुदुसला जाऊन यावे.

परंतु एवढेच पाहून परतणारा अर्धे जावा पाहून परततो. पूर्वेकडे मोजोकेर्तोजवळ त्रोवुलान येथे मजापहित साम्राज्याच्या राजधानीचे अवशेष आहेत : विटांची द्वारे, स्नानकुंडे, मोठा तलाव. १२९३ साली स्थापन झालेल्या आणि गजमद या महामंत्र्याच्या काळात सबंध द्वीपसमूहावर धाक असलेल्या या हिंदू-बौद्ध सत्तेचे पुढे काय झाले? १४०४ ते १४०६ या काळात वारसाहक्कावरून यादवी पेटली, बंदरे हातातून निसटली, किनाऱ्यावरचे व्यापारी आणि सरदार नव्या धर्मात गेले आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात देमाकच्या सुलतानीने उरलेसुरले संपवले. हा अंत केवळ तलवारीने झाला असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच ‘सारे काही प्रेमाने घडले’ म्हणणे भाबडे. आतून पोखरलेले घर बाहेरच्याने पाडले. आपल्याला हा क्रम अनोळखी नाही.

आणि वर्तमानही सरळ नाही. जानेवारी १९८५ मध्ये बोरोबुदुरच्या स्तूपांत बॉम्ब फुटले. नऊ स्तूपांची मोडतोड झाली. डिसेंबर २०२१ मधील सेमेरूच्या उद्रेकानंतर डोंगराला वाहिलेला नैवेद्य एका तरुणाने लाथाडला आणि त्याचे चित्रण समाजमाध्यमांवर पसरले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या वायांगविरोधी उद्गारांनी वाद पेटला. अरबस्तानातून आलेल्या कडव्या विचाराला जावाचा हा मऊपणा सलतो. त्याला तेथील धर्मनिष्ठ तरुणांचा एक वर्ग बळीही पडतो. मात्र पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. नैवेद्य लाथाडणाऱ्याला पोलिसांनी पकडले आणि उपदेशकाला जनक्षोभापुढे क्षमा मागावी लागली. क्षोभ करणारे बहुतांशी मुसलमानच होते. आपल्या पूर्वजांची बाजू ते स्वतःच घेत होते, त्यासाठी त्यांना कोणा भारतीयाच्या प्रशस्तिपत्राची गरज पडली नाही.

म्हणूनच येथे जाणाऱ्या हिंदू तरुणाची वागणूक कशी असावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. काहीजण जावात मालकाच्या थाटात वावरतात : ‘हे सगळे मुळात आमचेच!’ हे इतिहासाला धरून नाही आणि शोभणारेही नाही. प्रांबानान भारतीयांनी जाऊन बांधलेले नाही. ते भारतातून गेलेला विचार आत्मसात करणाऱ्या जावी राजांनी आणि जावी पाथरवटांनी बांधले. दुसऱ्या टोकाला, सगळे पाहून ‘शेवटी धर्म-बिर्म काही नसते’ एवढाच निष्कर्ष घेऊन परतणारेही असतात. जावाचा माणूस तसे म्हणत नाही. त्याला धर्म पाहिजे, फक्त त्यासाठी आजोबांना विसरायची त्याची तयारी नाही. मेरापी ज्वालामुखीचे राखणदार म्हणून योग्याकार्ताच्या सुलतानाने नेमलेले वृद्ध मारिजान पाच वेळा नमाज पढत आणि दरवर्षी पर्वताला सुलतानाचा नजराणाही वाहत. २६ ऑक्टोबर २०१० च्या उद्रेकात, गाव रिकामे होत असताना, त्यांनी आपली जागा सोडली नाही. राखेत त्यांचा मृतदेह सापडला.

ज्यांनी उपासनाही सोडली नाही असे लोकही त्याच बेटावर आहेत. ब्रोमो ज्वालामुखीच्या परिसरातील तेंगेर लोक आजही हिंदू आहेत. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. कासदाच्या पौर्णिमेला ते भाजीपाला, धान्य, कोंबड्या घेऊन रात्री डोंगर चढतात आणि सर्व काही विवरात अर्पण करतात. सॅकवाले प्रवासी बहुधा पहाटेच्या सूर्योदयाची छायाचित्रे काढून तासाभरात निघून जातात. तेंगेर गावात एक मुक्काम केला तर कांदा-बटाट्याच्या शेतात राबणारा हिंदू शेतकरी भेटतो. सेमेरूच्या पायथ्याशी सेंदुरो येथे उभे राहिलेले मंदिर १९९२ पासून तर जावा-बालीतील हिंदूंचे तीर्थच झाले आहे. १९६५-६६ च्या रक्तपातानंतर जावातील अनेक कुटुंबांनी हिंदू धर्माचा स्वीकार केला. राष्ट्रपिता सुकर्णो यांची कन्या सुकमावती यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये बालीत हिंदू धर्मात प्रवेश केला; त्यांची आजी बालीची होती.

राहिला आईवडिलांचा प्रश्न. ज्या बालीला ती निर्धास्तपणे पाठवतात, तेथेच १२ ऑक्टोबर २००२ च्या स्फोटांत २०२ माणसे मारली गेली. मे २०१८ मध्ये जावातील सुराबायाची चर्चही बॉम्बनी हादरली. धोका नाही असे कोणी म्हणू नये. पण तो नकाशावरच्या धर्माच्या रंगाने मोजता येत नाही. जावात मुली रात्रीच्या आगगाडीने एकट्या प्रवास करतात, दुचाकीवर कामाला जातात, विद्यापीठे त्यांनी भरलेली आहेत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये देशाला पहिले पदक मिळवून देणाऱ्या तीन तिरंदाज मुलींना लोकांनी नाव दिले ‘श्रीकंडी’. जावी महाभारतात शिखंडी ही धनुर्धारी वीरांगना आहे. अंगभर कपडे, प्रार्थनेच्या वेळी मशिदीच्या दारातून दूर राहणे, दोन-चार डझन इंडोनेशियन शब्द आणि घरी रोजचा एक निरोप एवढी शिस्त पुरते. सुमात्राच्या टोकावरील आचेह प्रांतात शरियतवर आधारलेले कायदे आहेत. तेथील गोष्ट जावाला लावू नये. शाकाहाऱ्याची मात्र थोडी परीक्षा होते : तेंपे, ताहू आणि भात सर्वत्र मिळतो, पण चटणीत वाटलेली सुकी कोळंबी असते, ते आधी विचारून घ्यावे.

जायचे ठरलेच तर निघण्यापूर्वी महिनाभर महाभारत वाचावे. संक्षिप्त चालेल, पण शेवटपर्यंत.

प्रांबानानला गेल्यावर मुख्य मंदिरे पाहून लगेच परतू नये. सभोवती २२४ लहान मंदिरे होती. त्यांतील मोजकीच पुन्हा उभी राहिली आहेत. बाकीच्यांचे दगड रांगांनी आणि ढिगांनी पडून आहेत. पुरेसे मूळ दगड सापडल्याशिवाय मंदिर उभारायचे नाही असा तेथील पुरातत्त्व खात्याचा नियम असल्याने काम कूर्मगतीने चालते. नोव्हेंबर २०१९ मध्ये, ८५६ नंतर प्रथमच, या मंदिराचा अभिषेकविधी झाला; फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे आणि बोरोबुदुर येथे हिंदू व बौद्धांना पूजाअर्चेची मोकळीक देणारा करार सरकारने केला; आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रबोवो प्रजासत्ताकदिनाचे पाहुणे म्हणून आले असता या मंदिराच्या जतनकार्यात भारत सहभागी होईल असे पंतप्रधानांनी जाहीर केले. त्या ढिगांमध्ये बसून, खाचेला खाच जुळते का हे पाहत, एकेक दगड फिरवून ठेवणारे जावी कारागीर दुपारी काम थांबवतात, शेजारच्या नळावर हातपाय धुतात, नमाज पढून येतात आणि पुन्हा दगड जुळवायला बसतात.